शाळा सोडल्याचा दाखला आणि नोकरी सोडल्याचा

रात्रीचीं जेवणें आटोपलीं म्हणजे आमच्या घरीं रोज एक सभा भरते. पूर्वीं ती ओसरीवर भरत असे. आतां डोंबिवलींत ओसऱ्या उरल्या नाहींत, म्हणून दिवाणखान्यांत भरते. वयोमानामुळें अध्यक्षपद आमच्याकडे आलें आहे. पण अध्यक्षाचें कोणी ऐकलें पाहिजे असा त्या सभेचा नियम नाहीं. गेल्या शिमग्याच्या सुमारास या सभेपुढें एक प्रश्न आला. तो वाचकांच्या घरींहि आज ना उद्यां येण्यासारखा असल्यामुळें या महिन्यांत त्याविषयींच लिहावें असें योजिलें आहे.

आमच्या पुतण्याची थोरली मुलगी वाणिज्य शाखेची पदवीधर. मार्गशीर्षांत ती ठाण्यांतील एका लहानशा कचेरींत हिशेब लिहिण्याच्या कामास लागली. कचेरींत माणसें सारीं सात. सकाळीं गर्दीच्या गाडीला लोंबकळत जावयाचें आणि रात्रीं आठाच्या पुढें घरीं यावयाचें, असे साडेतीन महिने गेले. मग कल्याणांतील एका मोठ्या पेढींत तिला याहून बरी जागा मिळाली. तिनें पंधरा दिवस आधीं लेखी कळवून पहिलें काम सोडलें. नव्या पेढीनें सांगितलें कीं, पूर्वींच्या मालकाचें अनुभवपत्र आणि मागील तीन महिन्यांच्या पगारचिठ्ठ्या दहा दिवसांत आणून द्या, नाहींतर जागा दुसऱ्यास जाईल. मुलगी पहिल्या मालकांकडे गेली. ते हंसून म्हणाले, "साडेतीन महिन्यांची कसली नोकरी आणि कसला अनुभव? असले कागद आम्ही कोणालाच देत नाहीं." नेमणूकपत्र तिला पहिल्या दिवशींहि मिळालें नव्हतें. पगारचिठ्ठी ही वस्तु त्या कचेरींत कोणी पाहिलेली नव्हती. आणि शेवटच्या सतरा दिवसांचा पगार 'बघूं' या एका शब्दावर अडकून राहिला होता.

सभेंत मतांचा सुकाळ झाला. मुलीचे वडील म्हणाले, "काका, ते साडेतीन महिने झालेच नाहींत असें समजूं. घरीं परीक्षेचा अभ्यास करीत होतें असें सांगेल ती." थोरल्या वहिनींचें म्हणणें असें कीं, सतरा दिवसांच्या पैशांसाठीं मुलीनें परक्याच्या पायऱ्या झिजवूं नयेत. धाकट्या नातवानें तर, "द्या मला नांव आणि पत्ता, अर्ध्या तासांत पगारचिठ्ठी छापून देतों," असें सांगून आपल्या यंत्रविद्येचा परिचय दिला. त्याला आम्हीं तेथेंच गप्प बसविलें. खोटा कागद करणें हा फौजदारी गुन्हा आहे, आणि तो उघडकीस आला तर गेलेली जागा तर जातेच, पण पुढची जागाहि जाते. इतका वेळ मुलगी बोलली नव्हती. ती म्हणाली, "आजोबा, मी काम केलं आहे. केलेलं काम लपवायचं कशासाठी?"

या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें, आणि नसावयास नको होतें. कारण आमचें उभें आयुष्य दाखले लिहिण्यांत गेलें. शाळेंत 'शाळा सोडल्याचा दाखला' म्हणून एक कागद असतो. बापाची बदली झाली, मुलगा जून ते ऑगस्ट एवढाच वर्गांत बसला, तरी जाते वेळीं त्याला तो मिळे. जनरल रजिस्टरांतील क्रमांक, प्रवेशाची तारीख, सोडल्याची तारीख, इयत्ता, वर्तणूक. खालीं सही व शिक्का. मुलगा फार थोडे दिवस बसला, सबब त्याला दाखला कशाला, असा विचार पस्तीस वर्षांत आमच्या मनास कधीं शिवला नाहीं. दाखला हें बक्षीस नव्हे. जें घडलें त्याची ती नोंद. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें तर ही गोष्ट मुख्याध्यापकाच्या मर्जीवर ठेवलेलीच नाहीं. त्याच्या ५ व्या कलमाप्रमाणें दाखला ताबडतोब द्यावा लागतो, आणि विलंब लावणाऱ्या मुख्याध्यापकावर शिस्तभंगाची कारवाई होते. त्याच कलमांत आणखी एक शहाणपणाची गोष्ट आहे, ती अशी कीं, जुन्या शाळेचा दाखला येण्यास उशीर झाला एवढ्यावरून नव्या शाळेनें मुलाचा प्रवेश अडवितां कामा नये. म्हणजे जुन्या शाळेच्या हलगर्जीपणाची शिक्षा मुलानें भोगावयाची नाहीं. पहिलींतल्या मुलास जें संरक्षण आहे तें बावीस वर्षांच्या मुलीस आहे कीं नाहीं, हें पाहण्यासाठीं आम्ही चष्मा पुसून कायद्याचीं पुस्तकें उघडलीं.

निराशेची गोष्ट प्रथम सांगून टाकतों. खासगी नोकरी सोडणाऱ्या प्रत्येकास मालकानें अनुभवपत्र दिलेंच पाहिजे, असें सरसकट लागू होणारें कलम आपल्याकडे नाहीं. १९४६ सालीं, डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळांत मजूर खात्याचे सभासद असतांना, कारखान्यांतील स्थायी आदेशांचा कायदा झाला. त्याखालीं जे नमुन्याचे आदेश केंद्र सरकारनें केले, त्यांत सेवेचा दाखला मिळण्याचा हक्क लिहिलेला होता. पण तो 'कायम' कामगारास. एकाच गिरणींत ज्यानें वीस वर्षें काढलीं त्याला सारी आळी ओळखते, त्याला कागद. आणि जो चार महिन्यांनीं अनोळखी दारीं उभा राहणार त्याचा उल्लेखच नाहीं! औषध निरोग्याला द्यावें आणि रोग्याला दारांतून परत लावावें, तशांतली ही तऱ्हा. कंत्राटी कामगारांसाठीं १९७१ सालीं जे केंद्रीय नियम झाले, त्यांत मात्र काम कोणत्याहि कारणानें संपलें तरी कंत्राटदारानें सेवेचा दाखला द्यावा, असें स्पष्ट घातलेलें होतें. तो नियम करणाऱ्यास दारोदार फिरणाऱ्या माणसाची स्थिति ठाऊक असली पाहिजे.

हे जुने कायदे आतां मागें पडले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशांत चार नव्या श्रमसंहिता अमलांत आल्या आहेत, आणि त्यांत आमच्या मुलीच्या कामाच्या दोन आहेत. व्यावसायिक सुरक्षेसंबंधींच्या २०२० च्या संहितेप्रमाणें, जेथें दहा किंवा अधिक कामगार असतील तेथें प्रत्येकास नेमणूकपत्र देणें मालकावर बंधनकारक आहे. आमच्या मुलीच्या कचेरींत माणसें सात. म्हणून हें कलम तिला उपयोगी नव्हतें. पण २०१९ ची वेतनसंहिता माणसें मोजीत नाहीं. दुकान असो, वर्ग असो, वकिलाची कचेरी असो, मालकानें पगारचिठ्ठी दिली पाहिजे. नोकरानें राजीनामा दिला तरी त्याचा सारा पगार कामाच्या दोन दिवसांच्या आंत चुकता केला पाहिजे. तो न दिल्यास तीन वर्षांपर्यंत मागणी करतां येते, आणि अधिकारी मूळ रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई देववूं शकतो. याहून महत्त्वाचें कलम ५९ वें. पगार मिळाला नाहीं असा दावा नोकरानें केला, तर पगार दिला होता हें सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे. कागद मालकाजवळ असतात, म्हणून कागदाचें ओझेंहि त्यानेंच वाहावें, हा त्यांतील न्याय.

हा न्याय आपल्या लोकांस अगदींच नवा आहे असें नाहीं. मनु आणि नारद यांनीं व्यवहाराचीं जीं अठरा पदें मानलीं, त्यांत चाकराचें वेतन न देणें हें एक स्वतंत्र पद आहे. चोरी, ठेव, सीमा यांच्या पंक्तीस त्यांनीं तें बसविलें. आणि वादांत प्रमाणें कोणतीं, तर याज्ञवल्क्य लिखित, भुक्ति आणि साक्षी असें सांगतो. वेदपाठशाळेंत हे शब्द घोकतांना त्यांचा उपयोग ठाण्याच्या कचेरींतील सतरा दिवसांच्या पगारासाठीं होईल असें आम्हांस स्वप्नांतहि वाटलें नव्हतें.

कागद नसला म्हणजे काय होतें, आणि असला म्हणजे काय होतें, याचें एक उदाहरण सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ सालच्या निकालांत आहे. कर्नाटकांतील एका सरकारी अभियंत्याच्या हाताखालीं एक गृहस्थ रोजंदारीवर काम करीत असत. १९८८ ते १९९४ काम केल्यावर त्यांना बंद करण्यांत आलें. वर्षांत २४० दिवस काम केलें हें सिद्ध करणें त्यांच्यावर होतें. न्यायालयानें म्हटलें कीं, सिद्ध करण्याचा पहिला भार कामगारावर खरा. परंतु रोजंदारीच्या माणसाला नेमणूकपत्र नसतें, पावती नसते. तो फार तर शपथेवर सांगूं शकतो आणि हजेरीपट मालकाकडून मागवूं शकतो. या खटल्यांत मालकपक्षानें पूर्ण हजेरीपट पुढें आणले नाहींत. कामगाराच्या बाजूनें होता तो पूर्वींच्या अभियंत्यानें दिलेला कामाचा एक साधा दाखला. त्याच्या बळावर तो गृहस्थ जिंकला. ज्या अभियंत्यानें तो कागद लिहिला त्याला त्या वेळीं दोन मिनिटें लागलीं असतील.

डोंबिवलीकरांना या विषयांत आणखीहि एक गोष्ट आठवल्यावांचून राहणार नाहीं. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ या दोन दिवशीं येथील औद्योगिक वसाहतींत स्फोट झाले. आमच्या घराच्या खिडक्या दोन्ही वेळां हादरल्या. अशा दिवशीं कारखान्याच्या फाटकाबाहेर जीं माणसें उभीं असतात त्यांचा प्रश्न एकच असतो: आमचा माणूस आंत होता काय? त्याचें उत्तर हजेरीपटांत असतें. चार दिवसांपूर्वीं तोंडी बोलावून ज्याला कामावर घेतलें, त्याचें नांव पटावर नसेल तर त्याच्या बायकामुलांना आधीं तो तेथें नोकर होता हेंच सिद्ध करावें लागतें, आणि मग भरपाईची गोष्ट. तेव्हां नेमणूकपत्र मागणारा तरुण उद्धट आहे, असें म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांनीं त्या फाटकाचें चित्र डोळ्यांपुढें आणावें. आमच्याच ठाण्यांत जन्मलेल्या नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालीं गिरणीकामगारांच्या हजारों सह्या गोळा करून अर्ज केला, आणि १८९० सालीं गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. तोंडी गाऱ्हाणें गिरणीच्या धुरांत विरून गेलें असतें.

आतां आमच्या मुलीकडे वळूं. नव्या पेढीनें दिलेल्या दहा दिवसांपैकीं दोन वादविवादांत गेले होते. तिसऱ्या रात्रीं आम्ही दोघें मेजाशीं बसलों आणि याज्ञवल्क्याच्या क्रमानें शोध सुरू केला. लिखित म्हणून काय निघालें? तिच्या मोबाइलवर मालकांचे निरोप होते. अमुक ग्राहकाचें विवरण उद्यां दे, तमुक बिल शोध, असे शंभराच्यावर. १ जुलै २०२४ पासून जो नवा साक्ष्य अधिनियम आला आहे, त्यांत असले निरोप ठराविक प्रमाणपत्र जोडून न्यायालयापुढें ठेवतां येतात. म्हणून ते पुसूं नकोस, फोन बदलूं नकोस, असें तिला बजावलें. बँकेच्या खात्यांत दोन महिन्यांचा पगार पेढीच्या नांवानिशीं जमा झालेला होता. एक महिना रोख. डोंबिवली–ठाणें असे रेल्वेचे मासिक पास होते. तिचा राजीनामा ई-मेलनें गेलेला होता. साक्षी म्हणून शेजारच्या खुर्चीवर बसणारी एक मैत्रीण होती. पण ती अजून तेथेंच नोकरी करते, तिला संकटांत घालूं नये असें मुलगीच म्हणाली, आणि तें आम्हांस आवडलें. संक्रांतीस कचेरींत तिळगूळ वांटतांना काढलेलें एक छायाचित्र निघालें, त्यांत मालक मधोमध उभे होते. साडेतीन महिन्यांची नोकरी झालीच नाहीं असें म्हणणें आतां त्यांना जड गेलें असतें.

मग पत्र लिहिलें. तिनें पहिला मसुदा दोन पानांचा केला होता. त्यांत अपमान, रात्रीं उशिरापर्यंतचें काम, मालकांचा स्वभाव, सारें होतें. आम्हीं तें सगळें खोडलें. राहिलें तें एवढेंच: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत मीं आपल्याकडे हिशेबाचें काम केलें; वेतनसंहितेप्रमाणें पगारचिठ्ठ्या व राहिलेल्या सतरा दिवसांचा पगार द्यावा; आणि या दोन तारखा व कामाचें स्वरूप नमूद करणारें दोन ओळींचें पत्र द्यावें. ती म्हणाली, "आजोबा, काम चांगलं केलं असं नको का लिहून मागायला?" आम्ही म्हणालों, "स्तुति मागूं नकोस, तारखा माग. स्तुति देणें त्याच्या मर्जीवर आहे, तारखा नाहींत." पत्र स्पीड पोस्टानें पाठविलें, पावती जपून ठेवली, तेंच ई-मेलनेंहि धाडलें. उत्तर न आल्यास कामगार खात्याच्या कार्यालयांत जावयाचें ठरलें. वकिलाच्या खर्चाची भीति वहिनींना होती. परंतु १९८७ च्या विधि सेवा कायद्याप्रमाणें स्त्रियांना, उत्पन्न कितीहि असो, आणि औद्योगिक कामगारांना मोफत कायदेशीर साहाय्य मिळतें, आणि जिल्हा विधि सेवा प्राधिकरण ठाण्यासच आहे.

ज्यांचीं मुलें मोठ्या कंपन्यांत आहेत त्यांच्यासाठीं येथें थोडें विषयांतर करतों. तेथें भविष्यनिर्वाह निधीचें खातें असतें, आणि त्या खात्यांत कोणत्या मालकानें कोणत्या महिन्याची वर्गणी भरली हें मुलाला घरबसल्या पाहतां येतें. ती सरकारी नोंद कोणत्याहि अनुभवपत्राहून कमी नाहीं. नोकरी सोडल्याची तारीख मालकानें त्यांत भरली नाहीं, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनीं ती स्वतः भरण्याची सोय २०२० पासून झालेली आहे. पगारांतून आयकर कापला असेल तर तीहि नोंद आयकर खात्याच्या संकेतस्थळावर दिसते. म्हणूनच मधली नोकरी लपविण्याची जी युक्ति आमच्या पुतण्यानें सुचविली, ती मोठ्या पेढ्यांपुढें टिकत नाहीं. नवा मालक खातें उघडून पाहतो आणि मुलगा खोटा ठरतो. आणखी एक. पुष्कळ ठिकाणीं नेमणूक करतांना पदवीचीं मूळ प्रमाणपत्रें ठेवून घेण्याची चाल आहे. मूळ कागद दाखवावे, नक्कल द्यावी, आणि मूळ त्याच दिवशीं घरीं आणावे.

पत्र गेल्यावर पांच दिवस कांहीं घडलें नाहीं. सहाव्या दिवशीं मुलीच्या बँकखात्यांत सतरा दिवसांचा पगार जमा झाला. पत्राचें उत्तर नाहीं, पगारचिठ्ठी नाहीं, दोन ओळी नाहींत. मात्र पैसे पाठविणाऱ्या कारकुनानें त्या नोंदीसमोर 'पगार, अखेरचा हिशेब' असे शब्द घातले होते. जो कागद मालक देणार नव्हते, तो त्यांच्याच पेढीच्या नांवानें बँकेनें छापून दिला! मुलगी बँकेचा उतारा, राजीनाम्याची प्रत आणि आम्हीं पाठविलेल्या पत्राची नक्कल घेऊन कल्याणास गेली. जें घडलें तें तिनें न लपवितां सांगितलें. तेथील अधिकारी बाईंनीं तिच्याकडून एक स्वयंघोषणापत्र लिहून घेतलें आणि तिला रुजू करून घेतलें. त्या बाईंना शिक्षणहक्क कायद्याचें ५ वें कलम ठाऊक असण्याचें कारण नाहीं, पण त्या त्याप्रमाणेंच वागल्या. पगारचिठ्ठ्यांची मागणी मुलीनें सोडलेली नाहीं. कामगार कार्यालयांत तिचा अर्ज पडलेला आहे. आपल्यामागें त्या खुर्चीवर जी कोणी बसली असेल तिच्यासाठीं तो चालूं द्यावा, असें ती म्हणते.

हा लेख येथें संपावयाचा; पण परवां रात्रीं सभेंत तिनें आम्हांस विचारलें, "आजोबा, मोठ्या आजोबांच्या दुखण्यांत त्या मावशी होत्या, त्यांना आपण काय लिहून दिलं?"

आमच्या थोरल्या बंधूंच्या अखेरच्या आजारांत कल्याण पूर्वेच्या एक बाई पांच महिने त्यांच्या उशाशीं होत्या. पगार वेळच्या वेळीं दिला, निघतांना लुगडेंहि दिलें. कागद? वेतनसंहितेंत घरकामासाठीं पांचांपर्यंत माणसें ठेवणाऱ्या घरांना पगारचिठ्ठ्यांच्या बंधनांतून सूट आहे. म्हणजे कायद्यानें आम्ही मोकळे होतों. वहिनी खालीं मान घालून म्हणाल्या, "तिनें मागितला होता. मीं म्हटलें, कागद कशाला, कोणी विचारलें तर आमचा फोन नंबर दे."

दुसऱ्या दिवशीं त्यांना बोलावून घेतलें. त्या एका रुग्णालयांत काम शोधीत होत्या आणि अनुभवाचा कांहीं पुरावा नाहीं म्हणून दोनदां परत आल्या होत्या. आम्हीं तारखा लिहिल्या, कामाचें स्वरूप लिहिलें, खालीं सही केली. त्यांनीं तो कागद आमच्याकडून दोनदां वाचवून घेतला, आणि मग संकोचानें म्हणाल्या, "गुरुजी, रात्रपाळी केली तेंहि घाला. रात्रपाळीला पैसे जास्त देतात." तें राहिलेंच होतें. आम्हीं तो कागद बाजूस ठेवून नवा कोरा घेतला.